रिकामी झालेली जागा

गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतून एक लाकडी पेटी खाली आली. वीतभर लांब, पितळी कडीची. आत हिरव्या कापडावर शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा एक मायक्रोमीटर. झाकणाच्या आतल्या बाजूला अरबी लिपीतील दोन अक्षरे कोरलेली. धाकट्या भावाची मुलगी मदतीला आली होती. तिने पेटी उघडली, ते हत्यार हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "काका, हे कुणाचं?"

"आमच्या उस्तादांचं."

"मग तुमच्याकडे कसं?"

"राहून गेलं," मी म्हणालो.

तिचे समाधान झाले. फराळाचे डबे पुसावयाला ती आत निघून गेली. माझे मात्र समाधान झाले नाही. 'राहून गेले' हे उत्तर मी तीस वर्षे देत आलो आहे. प्रथम स्वतःला आणि मग कोणी विचारलेच तर इतरांना. त्या दिवशी पुतणीसमोर ते उच्चारताना मला त्यातील लबाडी प्रथमच ऐकू आली. वस्तू आपण होऊन कोणाकडे राहत नाहीत. मी ती ठेवून घेतली होती.

मी ठाण्याचा, मूळचा संगमेश्वराकडचा. टर्नरचे शिक्षण पुरे करून १९७४ साली वागळे इस्टेटीतील एका लहानशा कारखान्यात लागलो. आजच्या वाचकाला वागळे इस्टेट म्हटले की काचेच्या इमारती आणि संध्याकाळची रिक्षांची कोंडी आठवेल. आमची इस्टेट निराळी होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा प्रारंभ १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत झाला तो याच वसाहतीत, आणि पुढची वीस वर्षे तरी येथे काम मिळणे म्हणजे माणूस मार्गी लागणे, असा हिशेब होता. रस्त्यांना नावे नव्हती, नंबर होते. सकाळच्या भोंग्याच्या सुमारास किसननगरच्या बाजूने हातात डबे घेतलेल्या माणसांची रीघ लागे. कपड्यांना कापलेल्या लोखंडाचा आणि तेलपाण्याचा असा वास येई की, दारात कोण आले हे आमच्या आईला न पाहता कळत असे. पुढे याच इस्टेटीत पासपोर्टची कचेरी आली आणि जेथे माणसे कामावर येण्यासाठी गर्दी करीत तेथे ती देश सोडून जाण्यासाठी रांगा लावू लागली. ही गंमत मला फार उशिरा सुचली. माझा स्वतःचा पासपोर्ट त्याआधीच निघाला होता.

तो का निघाला, हे सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि त्यांतील कितीतरी पुढे काम शोधीत ठाण्याच्या बाजूला सरकली. पुढच्या वर्षी आमच्याही कारखान्यात संप झाला. तीन महिने गेले आणि एके सकाळी मालकाने बंद टेंपोतून नवी मुले आत नेली. त्यांतील एकाला मी संध्याकाळी कामगार हॉस्पिटलच्या थांब्यावर गाठले. विशीतला, हडकुळा, अंगावर आमच्याच कारखान्याचा निळा शर्ट. मी त्याला विचारले, "माझ्या लेथवर बसतोस? लाज नाही वाटत?" तो म्हणाला, "मला काय ठाऊक दादा कुणाची होती? मशीन मोकळी होती."

मी त्याच्या मुस्काटात मारली. त्याने हात उचलला नाही. डबा खाली पडला होता तेवढा उचलून तो निघून गेला. त्या थपडेची मला त्या वेळी मुळीच खंत वाटली नाही. उलट रात्री घरी जेवताना मी ती हकीकत रंगवून सांगितली. दुसऱ्याचे अन्न काढून घेणाऱ्याला एवढी शिक्षा हवीच, असे माझे मत होते, आणि मत असणे किती सोपे असते हे मला ठाऊक नव्हते.

संप मिटला असे म्हणता येणार नाही. तो विरून गेला. दोन वर्षे कमी पगारावर इकडेतिकडे काढली आणि १९८६ साली मी कुवेतला गेलो.

कुवेत हा तसा आपल्याला परका देश नव्हे. तेलाच्या आधी मोत्यांवर आणि जहाजांवर जगणारे ते गाव. तेथली गलबते खजूर आणि मोती घेऊन मुंबईला येत. १९६१ पर्यंत तेथे चलन होते ते रुपयाचे. आमचा वृद्ध मालक हिंदुस्थानी मजेत बोले आणि मुंबईचा विषय निघाला की त्याचे डोळे चमकत. पाण्याचे त्या देशाचे मला पहिल्यापासून नवल वाटे. पूर्वी पिण्याचे पाणी गलबतांतून शत्त-अल-अरब नदीतून आणीत. आता समुद्राचे पाणी गोड करणारे प्रचंड कारखाने होते, आणि त्यांच्या पंपांचे दांडे व झडपांचे भाग आमच्या शुवैखमधल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येत. कोकणातल्या माणसाने वाळवंटात बसून पाण्याच्या पंपांची सेवा करावी, हा योगच म्हणावयाचा.

तेथे आमचे फोरमन होते उस्ताद. त्यांचे नाव मी येथे देत नाही. ते पॅलेस्टिनी होते. जन्म याफाचा, १९४८ साली आईच्या बोटाला धरून बाहेर पडलेले आणि तरुणपणी कुवेतला येऊन स्थिरावलेले. त्या काळी कुवेतमध्ये चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते. शाळांतले शिक्षक, कचेऱ्यांतले हिशेबनीस, इंजिनिअर आणि आमच्या उस्तादांसारखे कारागीर. हवल्ली नावाची अख्खी वस्ती जणू त्यांचीच होती. मी टर्नर म्हणून बरा होतो, पण मला कारागीर केले ते उस्तादांनी. शतांश मिलिमीटर ही काय चीज आहे ते त्यांनी शिकवले. मायक्रोमीटर घट्ट आवळला की ते मनगट धरीत आणि म्हणत, "जोर लावू नकोस. जोर लावलास की तो तुला हवे ते माप दाखवतो."

एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला विचारले, "तुझं गाव आहे ना अजून?" मी म्हटले, आहे, घर आहे, दोन आंब्याची झाडे आहेत, चुलते आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तू इथे कामाला आला आहेस. मी इथे राहायला आलो आहे." मला तेव्हा वाटले की यात त्यांचेच पारडे जड आहे. मी आपला पाच जणांत एक खोली करून राहणारा, आणि ते बायकामुलांसह नांदणारे! त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुढे कळला. मागे उल्हासनगरहून येणारे एक सिंधी गृहस्थ वागळे इस्टेटीत आमचे स्टोअर सांभाळीत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत ती माणसे आणून ठेवली गेली आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ते गृहस्थ कधी 'गावी जातो' म्हणाले नाहीत. आम्ही मे महिन्यात रजा मागत असू. ते मागत नसत. एवढी साधी गोष्ट त्यांच्याशेजारी नऊ वर्षे काढूनही मला दिसली नव्हती.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवारची पहाट. इराकच्या रणगाड्यांचा आवाज आम्हाला प्रथम बांधकामाचा वाटला. दुपारपर्यंत देश पडला होता. पुढच्या दिवसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यावर सिनेमाही निघाला, तेव्हा मी ते लांबवीत नाही. बॅंका बंद, खिशातला दिनार कवडीमोल, आणि पावाच्या रांगेत बंदुकीचे दस्ते. सप्टेंबरात आम्ही सहा जण निघालो. बसपर्यंत आम्हाला आपल्या गाडीतून पोचवले ते उस्तादांनी. त्यांच्या बायकोने फडक्यात बांधून दिलेल्या रोट्या आम्हाला बगदादपर्यंत पुरल्या. नंतर जॉर्डनच्या सरहद्दीवरचे वाळवंट, तंबू, आणि अम्मानहून विमान. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे बाहेर आले. एअर इंडियाची विमाने दोन महिने अम्मानच्या फेऱ्या करीत होती. ठाण्याला घरी पोचलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती. आमच्या हिने ती उघडून पाहिलीसुद्धा नाही. मी आलो यातच तिला सगळे होते.

उस्ताद कोठे जाणार होते? निघताना मी त्यांना विचारले नाही. विचारावयाचे असते हेच सुचले नाही.

आता येथे जगाच्या राजकारणाकडे क्षणभर पाहिले पाहिजे, कारण माझ्यासारख्या लेथवाल्याचे भवितव्य तेथे ठरत होते. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल त्या ऑगस्टमध्ये बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले, आणि त्या भेटीतील आलिंगनाचे छायाचित्र जगभर झळकले. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. पण आपली माणसे अडकली होती. ज्याच्या हातात किल्ल्या त्याच्याशी गोड बोलावे लागते. पॅलेस्टिनींचे नेते यासर अराफतही सद्दामना भेटले, त्यांची बाजू त्यांनी उचलून धरली आणि तेही छायाचित्र झळकले. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाले तेव्हा एका आलिंगनाचा जाब कोणी आम्हाला विचारला नाही. दुसऱ्याची किंमत मात्र लाखो माणसांनी मोजली. निम्मे पॅलेस्टिनी ताब्याच्या काळातच बाहेर गेले होते, त्यांना परत येऊ दिले नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना जावे लागले. चार लाखांतले काही दशहजार तेवढे उरले. कुवेतींचा संताप खोटा होता असे मी म्हणणार नाही. त्यांची सहाशेच्या आसपास माणसे नाहीशी झाली होती. आमच्या मालकाचा पुतण्या त्यांत होता. तो वृद्ध माणूस हुंदके देऊन रडताना मी पाहिला आहे. पण त्या पुतण्याला उस्तादांनी नेले नव्हते.

१९९२ च्या जानेवारीत मला परत बोलावणे आले, आणि तेही वरच्या जागेवर. तारेत लिहिले होते की फोरमनची जागा रिकामी झाली आहे.

'रिकामी झाली!' आपल्या मराठीतही हा प्रयोग किती सोयीचा आहे पहा. पाऊस झाला, संध्याकाळ झाली, जागा रिकामी झाली. कोणी केली, हे वाक्यात विचारताच येत नाही. त्या तारेचा अर्थ मला कळला नव्हता असे नाही. सबंध वर्तमानपत्रे भरून येत होते. पण ठाण्यात पंधरा महिने बसून होतो, इस्टेटीतल्या कारखान्यांना एकामागून एक टाळी लागत होती, मुलांच्या शाळेची फी थकली होती. मी गेलो. आणि आज इतक्या वर्षांनी प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, जाण्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. मी न जाता तर केरळचा, फिलिपाईन्सचा, इजिप्तचा कोणी गेला असता आणि उस्तादांना त्याचा कपर्दिकही लाभ झाला नसता. 'मी नाही तर दुसरा' हे समर्थन पुष्कळदा चोराचे असते हे मला मान्य आहे. पण जेथे आपल्या नकाराने ज्याचे गेले त्याला काही मिळत नाही, तेथे तो नकार फक्त आपल्या मनाची सजावट ठरतो. तरीही मनात एक शंका उभी राहतेच: कामगार हॉस्पिटलच्या थांब्यावरच्या त्या मुलालाही हेच म्हणता आले असते. फरक एवढाच की आमचा संप तेव्हा चालू होता. त्याच्या नकाराने आम्हाला काहीतरी मिळाले असते. हा फरक खरा आहे. तो मुस्काटात मारण्याएवढा होता काय, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

माझी चूक पुढची आहे. परतल्यावर पहिल्याच महिन्यात एका नव्या केरळी पोराने लांबून हाक मारली, "उस्ताद!" मी 'ओ' दिली.

तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो. सांगता आले असते की, बाबा, उस्ताद निराळे होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. एका वाक्याचे काम होते. पण मालक जवळ उभा होता आणि पॅलेस्टिनींचे नाव काढण्याचे ते दिवस नव्हते. पुढच्या वर्षी कोणा इजिप्शियन ड्रायव्हरच्या हातून अम्मानहून चिठ्ठी आली. उस्तादांनी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. खालच्या खणात माझा मायक्रोमीटर आहे, तो जमल्यास पाठव. आणि माझा थकलेला पगार व इतक्या वर्षांच्या सेवेचा हिशेब मिळेल काय, एवढे मालकांना विचारून पहा. शेवटी माझ्या मुलांची नावे घेऊन त्यांची खुशाली विचारली होती.

मी मालकांना विचारले नाही. परदेशी माणसाचा तेथील मुक्काम त्याच्या मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, सहीवर असतो. ती सही गेली की माणूस गेला. हे कारण खरे होते, पण पुरे नव्हते. वृद्ध मालक उस्तादांना मानीत असे, चांगल्या वेळी विषय काढला असता तर कदाचित त्याने पैसे दिलेही असते. मी विषय काढला नाही, कारण तो काढला असता तर माझ्या खुर्चीत पूर्वी कोणी बसत होते हे पुन्हा सर्वांना आठवले असते. आणि मायक्रोमीटर पाठवावयाचा तर सोबत चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या. त्यांत पगाराचे काय झाले ते आले असते. म्हणून मायक्रोमीटरही पाठवला नाही. असा तो 'राहून गेला'.

पुढे निर्वासितांच्या भरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी जो आयोग नेमला होता त्याच्याकडून माझ्या नावे चार हजार डॉलर आले. ते इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून कापून दिलेले पैसे होते, आणि त्याच काळात इराकात निर्बंधांमुळे औषधांची ददात होती. ती भरपाई इराकने पुरती फेडली २०२२ साली. माझ्या चार हजारांतून आमच्या घराला एक खोली वाढली. या पैशांचाही विचार करावयाला हवा. पण एका लेखात माणसाने किती कबुल्या द्याव्यात!

लहानपणी कीर्तनात ऐकलेला भरत मला कुवेतच्या त्या खोलीत पुष्कळदा आठवे. त्यालाही न मागता दुसऱ्याची गादी मिळाली होती आणि अन्याय त्याने केलेला नव्हता. आपण त्याच्या त्यागाचे कौतुक करतो. पण नीट पाहिले तर चौदा वर्षे राज्य त्यानेच चालवले. खजिना, सैन्य, न्यायनिवाडे, सगळे नंदिग्रामात बसून त्याच्याच हातून होत होते. काम त्याने टाकले नाही. फक्त सिंहासनावर पादुका ठेवल्या, म्हणजे ही जागा कोणाची आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला रोज दिसेल असे केले. आमच्या वर्कशॉपमध्ये पादुका ठेवता आल्या नसत्या हे खरे. शिवाय भरताला ठाऊक होते की राम परत येणार आहे. माझे उस्ताद येणार नव्हते. पण मला वाटते, परत येणार नसणाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच हवे होते. येणारा आपली जागा येऊन मागतो. न येणाऱ्यासाठी ती आठवण ठेवणारा दुसरा कोण असतो?

भाऊबीजेच्या दिवशी जेवणे झाल्यावर पुतणी माझ्याजवळ येऊन बसली. तिची कचेरी वागळे इस्टेटीतच आहे, आमचा जुना कारखाना जेथे होता त्याच्यापासून दोन रस्ते सोडून. तिचे वरिष्ठ म्हणून अमेरिकेत एक बाई होत्या. तीन महिने त्या रोज संध्याकाळी पडद्यावर येऊन हिला आपले सगळे काम शिकवीत होत्या, आणि शिकवून झाल्यावर काम ठाण्याला येणार व त्या घरी जाणार, हे दोघींनाही पहिल्या दिवसापासून माहीत होते. आता ती जागा हिला देऊ केली होती. "बाई पंचावन्नच्या आहेत, काका. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, तू चांगलं करशील. मला रात्रभर झोप नाही लागली. घेऊ का मी?"

मी तिला ही सगळी हकीकत सांगितली, थपडेपासून चिठ्ठीपर्यंत. आजवर ती मी घरात कोणाला सांगितली नव्हती. आमची ही दाराशी उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर पुतणीने सल्ला मागितला नाही. ती म्हणाली, "तो अम्मानचा पत्ता आहे का अजून?"

पत्ता आहे. पेटीतल्या हिरव्या कापडाखाली ती चिठ्ठी घडी करून ठेवलेली आहे. पुतणीने जागा घेतली. त्या अमेरिकेतल्या बाईंना तिने पत्र लिहिले आणि आपल्या हाताखालच्यांना ती अजूनही सांगते की ही पद्धत त्यांनी बसवली. त्यांचे उत्तर आले की नाही ते मी विचारलेले नाही.

पेटी या वर्षी माळ्यावर गेली नाही. ती टेबलावर आहे. मायक्रोमीटर मी तेल घालून साफ केला. शून्य अजून बरोबर जुळते. उस्ताद असले तर ते आता नव्वदीच्या जवळ असतील, नसले तर त्यांची मुले असतील. जॉर्डनला पार्सल जाते, असे पुतणी पोस्टात विचारून आली आहे. प्रश्न राहिला आहे तो सोबतच्या पत्राचा. थकलेल्या पगाराबद्दल मी कोणाला कधी विचारलेच नाही, हे लिहिलेच पाहिजे असे पुतणीचे म्हणणे. आमची ही म्हणते, म्हाताऱ्या माणसाला इतक्या वर्षांनी ते वाचावयाला लावून तुम्हालाच बरे वाटेल, त्यांना काय? मी दोन मसुदे करून ठेवले आहेत. एक लांब आहे आणि एक तीन ओळींचा.